रिकामा अर्धा फेरा

(बंगळूर येथे मराठी भाषिक रेल्वे व टपाल कामगारांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



मेळाव्यात बोलायचे म्हणजे महागाई भत्ता, पेन्शन, रिक्त जागा, खासगीकरण हेच विषय आपण घेतो, आणि ते घ्यायलाच हवेत. आज मात्र आम्ही तुम्हाला एका लेथची गोष्ट सांगणार आहोत. विजेशिवाय, माणसाच्या हातापायांच्या बळावर चालणाऱ्या लेथची. गोष्ट संपेपर्यंत तुमच्या लक्षात येईल की आम्ही आपला विषय सोडलेला नाही.

मागे एका रविवारी आम्ही पाच जण बंगळूरहून म्हैसूरकडे जाणाऱ्या पॅसेंजरने चन्नपट्टणला उतरलो. दोघे रेल्वेतले, दोघे टपालातले आणि पाचवे आमचे काका. काका वाफेच्या इंजिनावर फायरमन म्हणून लागले आणि ड्रायव्हर होऊन निवृत्त झाले. चन्नपट्टण बंगळूरपासून जेमतेम साठ किलोमीटर. या मार्गावर आम्ही वर्षानुवर्षे ड्युटी केली, टपालाच्या बॅगा चढवल्या-उतरवल्या, मुलांसाठी तिथली लाकडी खेळणी विकत घेतली. पण ती खेळणी करतो कोण आणि कशी, हे पाहायला कधी उतरलो नव्हतो.

गावात टिपू सुलतानाची आठवण सांगतात. त्याने इराणकडचे कारागीर बोलावून हा धंदा इथे रुजवला अशी पिढ्यांची समजूत आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बावस मियाँ या कारागिराने जपानची लाखकामाची रीत शिकून इथल्या कामाला नवे वळण दिले असेही सांगतात. लाकूड बहुतेक काळ्या कुड्याचे. कन्नड लोक त्याला हाले म्हणतात. पांढरे, मऊ आणि बारीक पोताचे. साल काढून काही महिने सुकवले की ते लेथवर चढवण्याजोगे होते.

एका घराच्या पडवीत एक म्हातारे कारागीर जुन्या पद्धतीने काम करून दाखवायला तयार झाले. जमिनीवर बसले. समोर दोन खुंट, त्यांच्या मधे आडवा दांडा आणि त्याला लावलेला लाकडाचा ठोकळा. हातात धनुष्यासारखी कमान, तिच्या दोरीचा एक वेढा त्या दांड्याला. कमान ओढली की ठोकळा एका बाजूला गरगर फिरतो, ढकलली की उलट बाजूला. दुसऱ्या हातात पटाशी, आणि पटाशी हलू नये म्हणून पायाची बोटे तिच्यावर टेकलेली. मराठीत या कामाला कातकाम म्हणतात आणि ते करणाऱ्याला कातारी. आपल्या वर्कशॉपात त्याचाच टर्नर झाला.

आता नीट ऐका, कारण पुढची सगळी गोष्ट यावर उभी आहे. ठोकळा कारागिराकडे फिरत येतो तेव्हाच पटाशी लाकूड कापते. उलटा फिरतो तेव्हा पटाशी जरा मागे घ्यावी लागते. म्हणजे प्रत्येक ओढीत अर्धा फेरा कामाचा आणि अर्धा फेरा रिकामा.

विलायतेत हेच काम पायाने होत असे. तिकडच्या कातारी लोकांनी डोक्यावर एक लवचीक काठी बांधली. तिच्यापासून दोरी खाली आणून लाकडाला वेढा दिला आणि दोरीचे टोक पायाखालच्या फळीला बांधले. पाय दाबला की लाकूड आपल्याकडे फिरते, पाय सोडला की काठी दोरी वर खेचते आणि लाकूड उलटे फिरते. तिथेही अर्धा फेरा रिकामाच. आपल्याकडे पाय हत्यार सांभाळतो आणि तिकडे पाय लाकूड फिरवतो, एवढाच फरक.

मग कोणी तरी पायाच्या फळीला दांडा जोडला, दांड्याला वाकडा आस आणि आसाला जड चाक. पंधराव्या शतकाच्या अखेरीस लिओनार्दो दा विंची या इटालियन चित्रकाराने असा लेथ कागदावर काढून ठेवला आहे. पाय वर-खाली होतो, पण चाक एकाच दिशेने फिरत राहते. घरची पायाची शिलाई मशीन आठवा, किंवा रस्त्यावर सुऱ्यांना धार लावणारा आठवा. जड चाक जोर साठवून ठेवते आणि रिकाम्या वेळात तो परत देते.

काकांनी हे सांगताना तिथेच मातीवर बोटाने चित्र काढले. म्हणाले, “अरे, हे तर आपले इंजिन!” पिस्टन पुढे-मागे, चाक मात्र गोल. मधे कनेक्टिंग रॉड आणि क्रँक. दांडा अगदी सरळ रेषेत आला की चाक पुढे जायचे की मागे हेच त्याला कळत नाही. त्यालाच डेड सेंटर म्हणतात. पायाच्या लेथवर कारागीर तिथे चाकाला हाताने टोला देतो. इंजिनावर दोन बाजूंचे क्रँक काटकोनात बसवलेले असतात, म्हणजे एक बाजू अडली तरी दुसरी ओढते. काका म्हणाले, “एकट्याने अडतो, दोघांनी सुटतो. युनियन काय वेगळी असते?”

पुढे म्हाताऱ्याने लाखेची कांडी घेतली. लाखेत रंग मिसळून अशा कांड्या करतात. पिवळ्याला हळद, निळ्याला नीळ. फिरत्या लाकडावर कांडी दाबली की घर्षणाची ऊब लाख वितळवते आणि रंग लाकडावर चढतो. मग केवड्याच्या सुक्या पानाने घासले की चकाकी येते. विस्तवाची गरज नाही. लाखेचा वास सुटला तसे आमच्यातले दोघे टपालवाले एकमेकांकडे पाहून हसले. बॅगेचे तोंड सुतळीने बांधून त्यावर लाखेचे सील मारण्यात त्यांची उमेदीची वर्षे गेली. २०२५ साली रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झाले, पण हा वास काही त्यांच्या नाकातून गेलेला नाही.

दुसऱ्या गल्लीत विजेच्या लेथची शेड होती. एका लांब शाफ्टवरून पट्टे खाली आलेले. बहुतेक कामगार बायका. त्यांतल्या एकीला आम्ही विचारले की जुन्या कमानीवर काम केले आहे का. ती म्हणाली, “केले आहे, अण्णा. वडिलांजवळ बसून शिकले. पण आता कमानीवर बसायला सांगाल तर मी बसणार नाही. खांदा गळून जायचा.”

मित्रहो, हे आधी मान्य केले पाहिजे. जुन्या हत्याराच्या आठवणीने गहिवरून येणे सोपे असते, कारण ते हत्यार आपल्याला ओढायचे नसते. कमानीने खांदे मोडत. दिवसभर उकिडवे बसून गुडघे जात. मोटारीने ते कष्ट कमी केले, चांगलेच केले. यंत्राशी आपले भांडण नाही, आणि आम्ही तुम्हाला कमानीकडे परत चला असे सांगायला उभे राहिलेलो नाही.

पण मग आम्ही तिला दुसरा प्रश्न विचारला. माल जास्त निघतो, तर हातात जास्त पडते का? ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली की मजुरी डझनावर मिळते. दर माल उचलणारा ठरवतो. नग वाढले तसा डझनाचा दर खाली आला. लाख महागली की ते आमच्याच मजुरीतून जाते. वीज गेली की बसून राहायचे, त्याचे पैसे नाहीत. पट्ट्यावर जाळी नाही, लाकडाचा भुसा नाकातोंडात जातो. बाळंतपण, आजारपण ज्याचे त्याने पाहायचे.

तेव्हा काका आम्हाला म्हणाले, “अर्धा फेरा रिकामा होता, तो मोटारीने भरून काढला. मग तो अर्धा फेरा गेला कोणाच्या घरी?”

बंधूंनो, आज आम्ही तुमच्यापुढे एवढाच प्रश्न घेऊन आलो आहोत. कमानीवरच्या माणसाचे कष्ट मोठे होते, पण कमान त्याची होती, खुंट त्याचे होते, आणि रिकाम्या अर्ध्या फेऱ्यात तो श्वास घेत होता. मोटारीच्या लेथवर रिकामा फेरा नाही. तो वाचलेला वेळ मजुरीत उतरला असता, कामाचे तास कमी होऊन उतरला असता, आजारपणाच्या रजेत उतरला असता. तो आपोआप उतरत नाही. मागावा लागतो, आणि एकट्याने मागून मिळत नाही.

एकट्या चन्नपट्टणचीही ही गोष्ट नाही. इंग्लंडात बकिंगहॅमशायर परगण्यात हाय विकम नावाचे खुर्च्यांचे गाव आहे. तिथल्या बीचच्या जंगलात कातारी झोपड्या घालून राहत. पायाच्या लेथवर खुर्च्यांचे पाय कातत आणि ते ग्रोसावर, म्हणजे १४४ नगांच्या हिशेबाने, गावातल्या कारखान्यांना विकत. लेथ त्यांचा, हात-पाय त्यांचे, पण दर कारखानदाराचा. कारखान्यात यंत्राचे लेथ आले आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हे लोक जवळजवळ संपले. आज तिकडे हौशी लोक सुट्टीच्या दिवशी पायाचा लेथ चालवायला शिकतात. कला वाचली याचा आनंद आहे. पण ज्यांचे पोट त्यावर होते त्यांना त्याचा काही उपयोग झाला नाही.

आणि आपल्या कोकणात सावंतवाडी आहेच. चितारआळीतली लाकडी फळे आणि खेळणी कोणी पाहिली नाहीत? तिथे पांगाऱ्याचे हलके लाकूड, कातकाम तसेच, लाख तशीच, आणि वर केवड्याचे पान तेच. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली आणि सावंतवाडी रोडला गाड्या थांबू लागल्या. गिऱ्हाईक वाढले. पण रेल्वे एकटा माल नेत नाही, स्पर्धाही आणते. परदेशातून आलेली प्लॅस्टिकची स्वस्त खेळणी सावंतवाडीच्या आणि चन्नपट्टणच्या बाजारात एकाच वाटेने पोचली.

कोणी म्हणेल, हा खेळण्यांचा धंदा, आपण सरकारी नोकर, आपल्याला काय त्याचे? मित्रहो, ज्या शहरात आपण बसलो आहोत ते लेथचे शहर आहे. इथे यलहंक्याच्या रेल्वे कारखान्यात १९८४ पासून चाके आणि आस तयार होतात. आस कातताना तो दोन टोकांना धरून फिरवतात आणि हत्यार त्यावर टेकवतात, अगदी त्या म्हाताऱ्याच्या पडवीतल्यासारखे. आपल्या गाड्या त्यावर धावतात. टपाल कचेरीत तारखेचा शिक्का मारताना जी लाकडी मूठ हातात येत असे तीही कोणा कातारीनेच कातलेली. एचएमटी १९५३ साली याच शहरात उभी राहिली आणि तिने पहिल्यांदा केले ते लेथ. त्याआधी १९४१ साली किर्लोस्करांनी म्हैसूर संस्थानात हरिहरला लेथचा कारखाना काढला. मराठी माणसाने कन्नड मुलखात उभारलेला तो कारखाना पुढे बंद पडला, पण त्याचे लेथ देशभरच्या वर्कशॉपात चालले.

या मोठ्या कारखान्यांत आणि चन्नपट्टणच्या शेडमध्ये फरक काय? लेथ दोन्हीकडे. फरक हा की मोठ्या कारखान्यात हजेरीपट होता, कामाचे तास ठरलेले होते, प्रॉव्हिडंट फंड होता, आणि दारावर युनियनचा फळा होता. तिथे वाचलेल्या फेऱ्याचा हिशेब विचारता येत होता.

आपला स्वतःचा अनुभव काय सांगतो? डिझेल आले तेव्हा फावडे गेले. पण फायरमन रस्त्यावर आला नाही, तो असिस्टंट ड्रायव्हर झाला. हे कोणी दानात दिले नाही. १९७४ साली ८ मे ते २७ मे असा जो रेल्वे संप झाला, त्यात बोनसबरोबर लोको कामगारांच्या कामाचे तास हीसुद्धा मोठी मागणी होती. हजारो लोक तुरुंगात गेले, नोकऱ्या गेल्या, घरे उठवली गेली. त्यातून काय मिळाले आणि काय नाही यावर आपल्यात आजही वाद होतात, ते होऊ द्यात. पण नवे यंत्र आले की ‘कामाचे तास किती?’ हा प्रश्न विचारायची सवय आपल्याला तिथे लागली. १५ जुलै २०१३ पासून तारसेवा बंद झाली, तेव्हाही माणसांचे पुढे काय हा प्रश्न विचारला गेला. विचारणारे होते म्हणून विचारला गेला.

शेडमधल्या त्या बाईसाठी विचारणारे कोण आहे? कायदा काय म्हणतो ते पाहू. १९४८ च्या कारखाना कायद्यात विजेवर चालणाऱ्या ठिकाणी १० कामगार आणि विजेशिवाय २० कामगार असले की तो कारखाना धरत. कायद्याला कमान आणि मोटार यांतला फरक कळत होता. वीज आली की जोखीम वाढते, म्हणून कमी माणसांनाही संरक्षण. आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू केल्या आहेत. त्यांतल्या सुरक्षेच्या संहितेत कारखान्याची व्याख्या विजेसह २० आणि विजेशिवाय ४० अशी आहे. म्हणजे १२ किंवा १५ लेथ-कामगारांची शेड आता कारखाना ठरत नाही. मोटार तीच, पट्टा तोच, फक्त आकडा बदलला.

सरकारने काहीच केले नाही असे आम्ही म्हणणार नाही. चन्नपट्टणच्या खेळण्यांना भौगोलिक मानांकन मिळाले आहे. परदेशी खेळण्यांवरचा आयात कर २०२० साली २० टक्क्यांवरून ६० टक्के झाला आणि २०२३ साली ७० टक्के. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना गुणवत्तेचा शिक्का सक्तीचा झाला, त्यातून नोंदणीकृत हस्तकला कारागिरांना आणि मानांकन मिळालेल्या वस्तूंना सूट दिली आहे. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत जे १८ व्यवसाय आहेत, त्यांत पारंपरिक बाहुल्या व खेळणी करणाराही आहे. प्रशिक्षणाच्या काळात रोज ५०० रुपये, हत्यारांसाठी १५ हजार रुपये आणि ५ टक्के व्याजाने दोन टप्प्यांत तीन लाखांपर्यंत कर्ज.

पण या योजनेत एक अट आहे. लाभ कुटुंबातल्या एकालाच. कातकामाच्या घरात नवरा लाकूड कातत असेल तर बायको लाख चढवते, किंवा उलट. अर्जावर नाव मात्र एकाचेच, आणि ते कोणाचे लिहिले जाते हे आम्ही सांगायला नको. नवऱ्याच्या फेऱ्याची नोंद झाली आणि बायकोचा फेरा पुन्हा रिकामा धरला गेला.

तेव्हा बंधू-भगिनींनो, आम्ही या मेळाव्यापुढे चार गोष्टी ठेवतो.

पहिली गोष्ट रेल्वेवाल्यांसाठी. २०२२ पासून ‘एक स्टेशन एक उत्पादन’ या योजनेत स्टेशनांवर स्थानिक मालाचे स्टॉल दिले जातात. आपण तिथे रोज उभे असतो. स्टॉलवर खरा कारागीर किंवा त्यांचा गट बसला आहे, की त्यांच्या नावावर कोणी व्यापारी, हे आपल्याइतके दुसऱ्या कोणाला दिसत नाही. दिसले तर गप्प बसू नका.

दुसरी गोष्ट टपालवाल्यांसाठी. डिसेंबर २०२२ पासून डाकघर निर्यात केंद्रे सुरू झाली. छोटा कारागीर आपला माल थेट परदेशी पाठवू शकतो, मधला दलाल टळू शकतो. पण कागदपत्रे पाहूनच तो घाबरतो. काउंटरवर आलेल्या माणसाला ‘उद्या या’ म्हणू नका. फॉर्म भरायला मदत करा. हस्तकला विभागाचे ‘पहचान’ ओळखपत्र काढले आहे का ते विचारा, आणि त्याच्या बायकोचे काढले आहे का तेही विचारा.

तिसरी गोष्ट आपल्या महासंघासाठी. कुटुंबातल्या एकालाच लाभ ही अट काढावी आणि १० ते १९ कामगारांच्या विजेवरच्या शेडनाही कारखान्याचे सगळे नियम लागू करावेत, असे ठराव इथून वर जावेत. ज्यांना युनियन नाही त्यांच्यासाठी युनियनवाल्यांनीच बोलायचे असते.

चौथी गोष्ट आपल्या सगळ्यांसाठी. चन्नपट्टणला जा, सावंतवाडीला जा, कारागिराच्या घरातून माल घ्या आणि सांगितलेल्या किमतीत घासाघीस करू नका. आपल्याला महागाई भत्ता मिळतो, त्यांना मिळत नाही.

येताना काकांनी नातवासाठी एक भोवरा घेतला, कमानीवर कातलेला. किंमत विचारली आणि तेवढी देऊन टाकली. गाडीत एका पोरट्याने हट्ट धरला तेव्हा त्यालाही फिरवून दाखवला. दोरी गुंडाळली, सोडली, भोवरा डब्याच्या फरशीवर उभा राहिला. रामनगर येईपर्यंत तो खेळ चालला. मग काकांनी दोरी गुंडाळून खिशात ठेवली आणि आम्हाला विचारले, “पुढच्या सभेत त्या बाईचे बोलणार आहात ना?”

म्हणून बोललो.

कामगार एकजुटीचा विजय असो!